पास्त्याला शीग लागत नाही

माझ्या हळदीला पास्ता करायचा हे मी ठरवलं आणि तो स्वतःच्या हाताने करायचा, हे आईने ठरवलं. माझ्या इच्छापोरच्या ऑफिसातल्या मैत्रिणी येणार होत्या, तेव्हा आचारी बोलवू असं मी सुचवून पाहिलं. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी मोबाइलवर कृती शोधायला घेतली. आमच्या नवागामातल्या खान्देशी लग्नांत वरण-बट्टी म्हटलं की आईलाच बोलावणं येतं. तिच्या हातचं जेवायला बसलेलं माणूस अर्धपोटी उठलेलं नाही, आणि ही गोष्ट मी सासरी पहिल्याच भेटीत सांगून टाकली होती. आता माझ्याच हळदीला अन्न कमी पडलं असतं तर आईचं नाव गेलं असतं, आणि माझं नाक.

आईचं सगळं गणित एका पितळी मापट्यावर. आमच्याकडे माप सपाट भरत नाहीत, वर शीग येईस्तोवर भरतात. सपाट माप म्हणजे कंजूष माणसाचं काम. माझ्या मोबाइलमधली कृती कपात होती, दुकानदार किलोत विचारत होता. आई म्हणाली, "भात जितला मापटा, तितलाच हाऊ." झालं, हिशेब संपला!

नशीब, आधी घरी एक मापटं शिजवून पाहिलं. भाताच्या एका मापट्यात आमचं घर जेवून शेजारी वाटी जाते. पास्ता मात्र बाबा आणि भावाने उभ्या उभ्या संपवला आणि जेवायला काय आहे म्हणून विचारलं. आईने पास्त्याची एक कोरडी नळी उचलली, डोळ्याला लावून तिच्यातून माझ्याकडे पाहिलं. "अर्धा ते वाराच शे यामा!"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मापटं घेऊन दुकानात. तांदळाचं एक मापटं काट्यावर ठेवलं, मग पास्त्याचं. काटा जेमतेम अर्ध्यावर. "बेन, ए तो हलकुं ज आवे," गुजराती दुकानदार हसला. तेवढ्या वजनाला पास्त्याची दोन मापटी लागली. आई शीग लावायला गेली तर नळ्या घरंगळून काउंटरभर पसरल्या. ती पुन्हा पुन्हा रचत होती आणि तिचं तोंड उतरत चाललं होतं.

ते का, हे फक्त मला कळत होतं. आई माणसं मोजते तेव्हा स्वतःला कधीच धरत नाही. सगळ्यांची पानं झाल्यावर जे उरतं ते तिचं, आणि उरतं ते त्या शिगेमुळेच. शीग हा करणारीचा वाटा. पास्त्यात तो वाटा काउंटरवर सांडत होता.

मी आईला नळ्या वेचायला लावल्या आणि दुकानदाराला किलोत आकडा सांगितला. मापटी दुप्पट धरून काढलेला, आणि वर थोडा जास्त.

हळदीच्या दिवशी मांडवात पातेलं उघडलं तेव्हा आईच्या फोडणीचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला. पास्त्याला तिने लसूण आणि काळा मसाला घातला होता. मैत्रिणींनी दुसऱ्यांदा घेतला. सासरच्या आजेसासूबाईंनी "हाई काय शे?" म्हणत नाक मुरडलं आणि नंतर ताटली चाटून पुसून ठेवली. माझी मान अशी ताठ झाली होती की हळद लावणाऱ्या बायका म्हणाल्या, जरा वाक.

शेवटची पंगत उठली. आई पातेल्यात वाकली आणि तळ खरवडू लागली. तळाला मसाल्याशिवाय काही नव्हतं.

"पोट भरनं ना सर्वास्नं?" तिने मला विचारलं. मी हो म्हटल्यावर तिचा चेहरा फुलला. मग तिने पाण्याचा तांब्या ओढला आणि म्हणाली, "माले भूकच नही."

पिवळ्या हातांनी मी मांडवाच्या कोपऱ्यात झाकून ठेवलेलं ताट आणलं. चांगलं शिगोशीग.

"हाऊ कोना वाटा?"

"तुना," मी म्हटलं. "तुले धरीसनच तोलं व्हतं."