वैशालीताईंच्या गावी

एसटीनं बारामती सोडली तेव्हा ऊन कोवळं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या उसाला तुरे आले होते. धुक्यात ते जमिनीपासून सुटल्यासारखे पांढरे, हलके तरंगत होते. आम्हा कोकणातल्या माणसांना एवढ्या मोठ्या आभाळाची सवय नसते. बघता बघता डोळा लागला आणि मी एक थांबा पुढं उतरलो.

निघालो होतो फौजदार वैशालीताईंच्या गावी, बावड्याजवळ. आमच्याकडं पूर आला तेव्हा त्यांनी माझ्या आंधळ्या आईला छातीएवढ्या पाण्यातून बाहेर काढलं होतं. पुढं त्यांची बदली झाली. गेल्या वर्षी बंदोबस्तावरून परतताना अपघातात त्या गेल्या. जेमतेम तिशीच्या होत्या. आज गावातल्या अभ्यासिकेला त्यांचं नाव देणार होते.

त्यांचा भाऊ मोटारसायकलवरून मला शोधत आला. घरी वहिनींनी गरम माडगं (हुलग्याची गूळ घातलेली पेज) दिलं. भाऊ हळूच म्हणाला, "तात्या येणार न्हाईत कार्यक्रमाला. ताई गेल्यापास्नं रानातच बसून असत्यात."

मी रानात गेलो. त्यांचे वडील तात्या चारीच्या (कालव्याच्या फाट्याच्या) काठावर बसले होते. शेजारी बसून मी त्यांना पुराची हकिकत सांगितली.

"पान्यात शिरली?" तात्या दचकले. "अवो, ही चारी वलांडायला माज्या खांद्यावर बसायची ती. आमाला कधी बोलली न्हाय." मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "भीत हुती का वो?"

क्षणभर वाटलं, नाही म्हणावं.

"भीत होत्या, तात्या. एका हातानं आईला धरलं होतं, दुसऱ्यानं माझं मनगट. हात थरथरत होता. पण थांबल्या नाहीत."

वारा उसातून सळसळत गेला. पाण्यावरचं ऊन हलत राहिलं. तात्यांनी टोपी झटकली. "चला. लोक खोळंबली असत्याल."

अभ्यासिकेची फीत त्यांनीच कापली. समोर गावातल्या मुली बसल्या होत्या. "माजी लेक पान्याला लई भ्यायची," तात्या त्यांना म्हणाले, "आन् तरी गेली." एवढं बोलून ते खाली बसले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

परतीच्या एसटीतून आईला फोन लावला. रान, चारी, तात्या, सगळं सांगितलं.

"'आजी, मी आहे हां,' असं सारखं म्हणत होती रे ती," आई म्हणाली. "मला वाटलं, मलाच धीर देतेय."

खिडकीबाहेर उसावर संध्याकाळ उतरत होती. आभार मानायला म्हणून गेलो होतो. ताई मला खऱ्या अर्थानं भेटल्या त्या आज.