मामंजी आणि मळकी अंडी

काळी नदीला वर्षभर जेवढं पाणी येतं, त्यातलं निम्मं आमच्या मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एकट्यानं धुण्यात संपवलं असेल. फणस फोडण्याआधी त्याला अंघोळ. रानातून आलेल्या म्हशीचे खूर धुतल्याशिवाय तिला गोठ्यात प्रवेश नाही. कॅसलरॉकला आगगाडी बघून आले, की इंजिनाची काजळी घरात नको म्हणून आधी ओढ्यात डुंबायचे आणि ओल्या धोतरानं कुडकुडत दारात उभे राहायचे. एका पाहुण्याची काठी तर त्यांनी इतकी घासली, की "ही माजी न्हवं" म्हणत तो रिकाम्या हातानं निघून गेला. मामंजींना त्याचं काही वाटलं नाही. "मळ म्हंजे रोग," एवढंच म्हणाले.

त्या वर्षी गावात कोंबड्यांना मर लागली. सासूबाईंनी लग्नात माहेराहून आणलेल्या कोंबडीचा सगळा वंश त्या रोगात गेला. उरली एक तांबडी तलंग, अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी. शेजाऱ्यांचा कोंबडा वाचला होता, तेवढाच आधार. तलंग अंडी घालू लागली, तशी सासूबाई एकेक अंडं भाताच्या तुसात जपून ठेवू लागल्या. दिवस पावसाचे, अंडी शेणाचिखलानं माखलेली. सासूबाई शेतावर गेलेल्या असताना ती मामंजींच्या नजरेस पडली. बायकोचं दुःख हलकं करावं म्हणून त्यांनी आपल्याला येत होतं ते केलं. सासूबाई परतल्या तेव्हा ओढ्याच्या गार पाण्यात घासलेली अंडी शंखासारखी चकाकत होती.

सासूबाईंनी एक अंडं उचलून त्यावर बोट फिरवून बघितलं. "धुतलीसा व्हय? अंड्यावर देवानं पातळ साय दिल्याली असती. ती गेली की घाण आत शिरती."

"चांगलं चोख अंडं नासंल कसं?" मामंजी ठामपणे म्हणाले.

दुसरी अंडी नव्हतीच. तलंग खुडूक होऊन उबवायला बसली, तेव्हा तीच धुतलेली तिच्याखाली ठेवली. काही दिवसांनी खुराड्याला वास सुटला, एक अंडं फुटलं. सासूबाईंनी सगळी उकिरड्यात पुरली. त्या दिवशी मामंजी जेवले नाहीत.

तलंग पुन्हा अंडी घालू लागली, तेव्हा मामंजींनी कारभार आपल्याकडे घेतला. खुराड्यात रोज कोरडं गवत घालायचं, अंडं पडलं की लगेच उचलायचं. तरी एखादं माखायचंच. मग त्यांचा हात आपोआप घागरीकडे जाई, आणि तो दुसऱ्या हातानं घट्ट धरून ते मागे ओढत. शेण वाळलं की नारळाच्या कोरड्या काथ्यानं अलगद पुसत. फारच बरबटलेलं असलं तर म्हणत, "हे कालवणाला."

मी एकदा म्हटलं, "मामंजी, डाग राहिलाय."

"ऱ्हाऊ दे सूनबाय. त्यो अंड्याचा हाय, माजा न्हाई."

पिल्लं निघाली. सासूबाईंनी पहिलं पिल्लू आणून मामंजींच्या तळहातावर ठेवलं. त्यानं लगेच त्यांच्या शुभ्र धोतरावर घाण केली. आम्ही सगळे घागरीकडे बघू लागलो. मामंजी उठलेच नाहीत.

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. संध्याकाळी ते ओसरीवर पिल्लं मांडीवर घेऊन बसत. सासूबाई जेवायला हाक मारत, पुन्हा मारत. मामंजी हलत नसत. "थांब गं जरा," अगदी हळू आवाजात म्हणत, "आत्ताच निजल्यात."