अकोल्यापर्यंतचा समुद्र

माझ्या वडिलांचे थोरले भाऊ अमरावतीला वकील होते. आम्ही त्यांना मोठे बाबा म्हणायचो. कोर्टात ते किती मोठे होते मला ठाऊक नाही, पण घरात आपल्याहून मोठं कुणी होऊ नये याची त्यांनी चोख व्यवस्था केली होती. माझे वडील शाळामास्तर. स्वभावाने गरीब, आणि भावासमोर तर असून नसल्यासारखे. आई भातकुलीकडच्या शेतकऱ्याची मुलगी, चौथीपर्यंत शिकलेली.

आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी बोलायचं नाही, अशी रीत. आई डोक्यावर पदर घेऊन दाराआड उभी राहायची आणि मला म्हणायची, "मोठ्या बाबाले विचार, चहा ठेवू काय." मोठे बाबा दोन हातांच्या अंतरावर बसलेले असायचे. ते मला म्हणायचे, "सांग, ठेव म्हणावं." मी एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाणारी, आणि घरात माझं मुख्य काम हे. मला या रीतीचा तेव्हाही संताप यायचा, आजही येतो.

आईचे डोळे अधू व्हायला लागले तेव्हा डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उपाय फारसा नव्हता. वर्षभर दिसेल, कदाचित थोडं जास्त, काय पाहायचं ते पाहून घ्या, असं ते म्हणाले. घरी आल्यावर मी तिला विचारलं, काय पाहायचं आहे. तिला विचार करावा लागला नाही. "समुद्र," ती म्हणाली. "शाळेत मास्तरनं नकाशावर निळ्या खडूनं काढला होता. मले तवाबी खरं वाटलं नव्हतं. एवढं पानी, अन् पेता येत नाई."

वडिलांनी कधी नव्हे ते धाडस करून हे भावाच्या कानावर घातलं, आणि तिथेच घात झाला. कारण मोठ्या बाबांना त्यात स्वतःची मिरवणूक दिसली. गोवा मोकळा होऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती आणि मुंबईहून पणजीला बोट जायची. कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं होतं की युरोपातली माणसं भूमध्य समुद्रात सहकुटुंब बोटीतून हिंडतात, डेकवर आरामखुर्च्या टाकून पडतात. झालं. कोर्टाच्या बाररूममध्ये, गणपतीच्या देवळात, न्हाव्याकडे, सगळीकडे एकच सुरू झालं. आमच्या धाकटीला समुद्र दाखवतोय. डोळे चालले आहेत हो बिचारीचे. युरोपात असंच करतात. त्यांनी एक हॅटही विकत घेतली. ती घालून ते अंगणात फिरायचे आणि कोंबड्या पळायच्या.

बोट शनिवारी सकाळी सुटायची, म्हणजे शुक्रवारी अमरावतीहून निघणं भाग होतं. आणि शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूळ, म्हणजे त्या दिशेनं निघणं अशुभ. हॅट घालणाऱ्या माणसाला दिशाशूळ आडवा येऊ नये, पण मोठ्या बाबांच्या डोक्यावर हॅट होती आणि डोक्यात पंचांग. त्यावर आपल्या लोकांनी तोडही काढून ठेवलेली आहे. वार वाईट असेल तर आधीच्या चांगल्या वारी प्रस्थान ठेवायचं. सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ आणि अंगावरचं एखादं वस्त्र गाठोड्यात बांधून, जायच्या दिशेला असलेल्या कुणाच्या तरी घरी ठेवायचं. म्हणजे तुम्ही निघालात असं धरतात. मग प्रत्यक्ष निघताना ते उचलायचं आणि पुढे जायचं.

आमच्या पश्चिमेला, कुंपणापलीकडे, ज्यांचं घर होतं त्या कुटुंबानं छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. गृहस्थ बांधकाम खात्यात ओव्हरसिअर, बाई म्युनिसिपालटीच्या शाळेत शिक्षिका. आईची त्या बाईंशी कुंपणावरून रोजची देवाणघेवाण होती, आंबाडीची भाजी इकडे, लोणचं तिकडे. आईनं तिला प्रस्थानाचं सांगितलं तेव्हा ती हसली. "आमी आता हे काई मानत नाई बाई. पन ठेवाचं असंल त ठेवा, कपाटात लय जागा हाये."

आईनं माझ्यामार्फत हे मोठ्या बाबांना कळवलं. ते ऐकून त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "प्रस्थान कुठे ठेवायचं याला काही मर्यादा असते," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले, कारण मी विचारलं असतं, कसली मर्यादा. बाररूममध्ये समतेवर त्यांचं भाषण कुणीही ऐकावं. प्रांत कसा पुढे गेला, जाती कशा गेल्या. कुंपणापर्यंत सगळं जात होतं. तिथे थांबायचं.

मग त्यांनी गाठोडं अकोल्याला पाठवलं. अकोल्याला त्यांची सासुरवाडी, आणि अकोला पश्चिमेलाच, वाटेवरच. बुधवारी एक अशील तिकडे जाणार होता, त्याच्या हाती दिलं. त्यात मोठ्या बाबांचं जरीकाठी उपरणं होतं. शेजारच्या घरी दहा पावलांवर ठेवायची सुपारी दोन तालुके ओलांडून गेली, आणि मोठ्या बाबांना आपण केवढी मोठी व्यवस्था केली असं वाटत होतं.

शुक्रवारी सकाळी आम्ही पाचजण निघालो. मोठे बाबा, त्यांची बायको म्हणजे आमची मोठी आई, माझे आईवडील आणि मी. बडनेऱ्याला पॅसेंजर पकडून दुपारी अकोल्याला उतरायचं, मोठ्या आईच्या माहेरी जेवायचं, गाठोडं उचलायचं आणि संध्याकाळची मुंबई मेल धरायची, असा बेत. आई गाडीत खिडकीशी बसली होती. सगळं पाहत होती. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची शेतं, म्हशी, फाटकाशी थांबलेल्या बैलगाड्या, जसं काही हेही यादीत होतं. मधल्या एका स्टेशनाजवळ उलट बाजूची गाडी आमच्याशेजारून धडधडत गेली. आम्ही कुणी तिकडे लक्ष दिलं नाही.

अकोल्याला घरी मोठ्या आईचा भाऊ नव्हता. हा माणूस कापसाचा अडत्या, आणि मानपानात कुणाला हार न जाणारा. त्याची बायको म्हणाली, "सकाडीच गेले नं. जावईबापूचं गाठोडं घेऊन टेसनावर जातो म्हनले. भेटले नाई काय?" भेटला नव्हता. मोठे बाबा म्हणाले, येईल. पुरणपोळ्यांवर भरपूर तूप होतं, त्यामुळे दुपार शांततेत गेली. आईनं मात्र नीट जेवण केलं नाही. चार वाजल्यापासून ती चपला घालूनच बसली होती.

संध्याकाळी स्टेशनवर मेल आली. जागा राखलेल्या होत्या. हमालानं ट्रंका चढवल्या, वळकट्या चढवल्या, हॅटचं खोकं चढवलं. आई आणि मी चढलो, आईला खिडकी मिळाली. मोठे बाबा फलाटावर उभे राहून वाट पाहत होते, कारण प्रस्थान हातात आल्याशिवाय गाडीत पाय ठेवायचा नव्हता. तेवढ्यात पलीकडच्या फलाटावर बडनेऱ्याकडून पॅसेंजर आली आणि तीतून मोठ्या आईचा भाऊ उतरला. घामाघूम, गाठोडं पोटाशी धरलेलं.

"काय जावईबापू," तो लांबूनच म्हणाला. "मूर्तिजापूरपावतर गेलतो तुमाले सामोरा. म्हनलं प्रस्थान हातोहात देऊ, जावयानं घरी येऊन उचलनं बरं दिसत नाई. पन तुमची गाडी निघून गेलती."

म्हणजे सकाळी शेजारून धडधडत गेलेल्या त्या गाडीत हा बसलेला होता. जावयाचा मान राखायला गाठोडं घेऊन उलट दिशेनं निघालेला. मला हसू फुटलं. तेवढ्यात मोठ्या बाबांचा चेहरा दिसला.

"मूर्तिजापूरला नेलं?" ते म्हणाले. "म्हणजे पूर्वेला."

"हो नं, तुमच्याचसाठी."

"प्रस्थान मागे फिरलं," मोठे बाबा म्हणाले. वकील युक्तिवाद संपवतो त्या सुरात. "आता जाणं नाही. सामान उतरवा."

वडील म्हणाले, "पन दादा, ते परत आलंच नं अकोल्याले. आता त इथंच हाये."

"तुले कळत नाई त बोलू नको." रागावले की त्यांची पुण्याची भाषा गळून पडायची. "मागं फिरलेल्या प्रस्थानावर पान्यात जाऊ? बोटीत बसू? बायकापोराईले बुडवू?"

तिकिटं खिशात होती. गाडी समोर उभी होती. गाठोडं हातात होतं. त्यातली सुपारी जशी बांधली तशी होती, तिला आपण पूर्वेला जाऊन आलो याचा पत्ताही नव्हता. हमाल ट्रंका उतरवायला लागला. मोठी आई उतरलेल्या वळकट्या मोजायला लागली, तिच्या माहेरचा प्रश्न होता. तिचा भाऊ आता आपलीच चूक झाली म्हणून कान धरत होता, आणि मोठे बाबा ती चूक उदारपणे माफ करत होते.

मग आई बोलली. खिडकीतून, पदर सावरत, सरळ त्यांच्याकडे तोंड करून. तिचा आवाज त्यांनी लग्नापासून पहिल्यांदा स्वतःला उद्देशून ऐकला असेल.

"भाऊजी, तुमी ऱ्हा. आमी दोघी मायलेकी जातो. मले समुद्र पाहाचा हाये. मग दिसनार नाई."

फलाटावरचे दोन-चार लोक वळून पाहायला लागले. मोठे बाबा लाल झाले. तिला उत्तर द्यायचं नव्हतं, कारण तिच्याशी बोलायचं नव्हतं. ते वडिलांना म्हणाले, "हिले उतरव."

माझ्या वडिलांनी आईकडे पाहिलं. मग भावाकडे पाहिलं. मग खिडकीजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "उतर वं." मला त्यांची कीव येते असं लोकांना सांगते. खरं म्हणजे त्या एका शब्दासाठी मी त्यांना कधीच माफ केलं नाही. आईनं बाकाखाली चाचपून चपला शोधल्या, घातल्या आणि उतरली. मेल गेली.

यापुढची गोष्ट सांगायला मला लाज वाटत नाही, कारण लाज मोठ्या बाबांची आहे. अमरावतीला परत जाणं शक्य नव्हतं. सगळ्या गावाला निरोप देऊन, चहा पाजून, हॅट दाखवून ते निघाले होते. म्हणून आम्ही आठ दिवस अकोल्यात दडून बसलो, बोटीची सहल संपेपर्यंत. बाहेर पडायचं नाही, अमरावतीचं कुणी दिसलं तर आत पळायचं. एक दिवस आई अंगणात नुसतीच बसलेली पाहून मोठे बाबा मला म्हणाले, "आईला सांग, मोर्णा नदीवर जाऊन ये. पाणीच पाहायचं आहे ना." मी निरोप दिला नाही. तिनं ऐकलं होतंच.

निघताना त्यांनी अकोल्याच्या बाजारातून काजू घेतले आणि अमरावतीला गोव्याचे म्हणून वाटले. बाररूममध्ये लाटांचं वर्णनही केलं म्हणे. एका ज्युनिअर वकिलानं, बोट लागली का, असं विचारलं तर म्हणाले, आमच्या धाकटीला थोडी लागली.

शेजारच्या बाईंकडे आईनं काजू पाठवले नाहीत. कुंपणाशी उभं राहून तिला सगळं खरं सांगितलं. ती घरात गेली आणि आईसाठी चहा घेऊन आली.

मोठ्या बाबांशी आई पुन्हा एक शब्दही बोलली नाही, ते जाईपर्यंत. आमच्या रीतीत ते कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

मला नोकरी लागली तेव्हा पहिल्या मोठ्या सुट्टीत मी आईला मुंबईला नेलं. पंचांग पाहिलं नाही. तोवर तिला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. मी तिला हाताला धरून वाळूत नेलं, पाण्यात उभं केलं. लाट आली, तिचं लुगडं घोट्यापर्यंत भिजलं. तिनं बोट बुडवून जिभेला लावलं आणि मान हलवली. मी तिला सांगायला लागले, रंग कसा आहे, किती लांबवर आहे, कडेला एक बोट दिसतेय.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "लय जवड होता वं. आपल्या कुंपनाच्या पल्याडच होता."