मामांचं मानपत्र

मराठी घेऊन एम.ए. झालो तेव्हा माझ्याजवळ नेमकं कौशल्य कोणतं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडला नाशिकच्या एका कंपनीत माझी मुलाखत घेणाऱ्या बाईंना. मी छाती ठोकून सांगितलं, "मॅडम, मला कवितेतलं मौन ओळखता येतं." त्यावर त्या बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. ते मौन मी बरोबर ओळखलं आणि फाइल उचलून बाहेर आलो.

शेवटी पंचवटीतल्या एका गल्लीत, फ्लेक्स, लग्नपत्रिका आणि मानपत्रं छापणाऱ्या दुकानात चिकटलो. पत्रिकेच्या तळाशी 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' अशी किलबिल असते ना, ती मी लिहायचो. पाच वर्षं साहित्य शिकून अडीच वर्षांच्या पोरांच्या वतीनं बोबडं लिहिणारा जिल्ह्यात बहुधा मी एकटाच. मानपत्रं मात्र मला लिहू देत नसत. शेठकडे तीन मजकूर तयार होते: एक शिक्षकांसाठी, एक बँकवाल्यांसाठी आणि एक उरलेल्या मानवजातीसाठी. "सर, तुम्ही फक्त नाव बदला," शेठ म्हणायचे. "डोकं लावू नका. डोकं लावलं की प्रूफ तीनदा काढावं लागतं."

निफाडजवळच्या आमच्या गावात आप्पा, म्हणजे माझे वडील, द्राक्षाच्या व्यापाऱ्यांना "पोरगा नाशिकला असतो" एवढंच सांगत. काय करतो, असं समोरच्यानं विचारायच्या आत ते त्याच्या तोंडात दोन मणी कोंबत.

अशात माझी धाकटी बहीण बारावी झाली आणि म्हणाली, "मला बी.ए.ला मराठी घ्यायचंय."

आप्पांनी माझ्याकडे बोट केलं. "एका घरात एक नमुना बास. तू डी.फार्म कर. गावात मेडिकल टाकून देतो."

ती दोन दिवस जेवली नाही. म्हणजे आमच्यासमोर जेवली नाही. मग आईनं मार्ग काढला. तिचे मोठे भाऊ, आमचे मामा, चांदवडकडच्या एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होत होते. आई म्हणाली, "दादाचं मानपत्र आपलाच लिहील. चार लोकांनी नावाजलं, तर मराठीत काहीतरी हाय असं समजायचं आन् पोरीला घेऊ द्यायचं." आप्पा लगेच कबूल झाले. त्यांना माझी पूर्ण खात्री होती. फक्त उलट्या बाजूनं. सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी कॉलेजचे फॉर्म भरायची शेवटची तारीख होती.

मी पेटलो. आमचे एक प्राध्यापक सांगायचे की, ज्या माणसाला सावली नाही, तो माणूस नव्हे, पोस्टर. ठरवलं, मामांना सावलीसकट उभं करायचं. बहिणीला घेऊन मामांच्या गावी गेलो. मामी ओट्यावर बटाटे सोलत बसल्या होत्या, त्यांच्यासमोर वही उघडली. लग्नाला तीस वर्षं झालेल्या बाईला नवऱ्याबद्दल विचारायला आजवर कोणी आलं नव्हतं. त्यांनी धरण सोडावं तसं सोडलं. घरात चहा मागायला मामा टेबलावरची घंटा वाजवतात. पोरांचे मोबाइल जप्त करतात आणि मधल्या सुट्टीत त्यावर क्रिकेट बघतात. "आणि शाळेचं घड्याळ पंधरा मिनिटं मागं! ह्यांनीच करून ठेवलंय. मग उशीर कसा होईल ह्यांना?" मी लिहून घेत होतो. बहीण शाळेच्या पायरीवर शिपाईकाकांबरोबर चहा पीत बसली होती. मला वाटलं, आळशी आहे.

परतताना एसटीत ती म्हणाली, "दादा, त्या घड्याळाचं मी काकांना विचारलं. ते म्हणत होते—"

"थांब. आत्ता माझी तंद्री मोडू नकोस."

मजकूर तयार झाल्यावर तिनं तो वाचला. "झकास आहे. पण हे मानपत्र नाहीये रे."

"तुझी अजून समीक्षा वाचायची राहिलीय," मी म्हणालो.

सोहळ्याला शाळेचं पटांगण भरलं होतं. मंचावर मामा, फेटा बांधून, खांद्यावर शाल. बाजूला शिक्षण खात्यातले साहेब. आप्पा दुसऱ्या रांगेत, हाताची घडी घालून. मानपत्र वाचायला भरदार आवाजाचे एक शिक्षक उभे राहिले. प्रत्येक सोहळ्यात मानपत्र तेच वाचत. त्यांची एक चाल ठरलेली होती आणि मजकुरात काय आहे याच्याशी तिचा संबंध नसे.

"आदरणीय सर! आपण टेबलावरची घंटा वाजवून चहा मागविता!"

लोकांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. मग मागच्या पोरांत कोणीतरी फिस्सकन हसलं.

"आपण जप्त केलेल्या मोबाइलवर आपण स्वतः क्रिकेटचा आस्वाद घेता!"

आता पटांगण हसायला लागलं. मला वाटलं, जिंकलो. शिक्षकांचा आवाज आणखी चढला.

"आपल्याला सेवेत एकदाही उशीर झाला नाही! कारण शाळेचे घड्याळ आपण आपल्या सोयीने पंधरा मिनिटे मागे ठेविले!"

साहेबांनी वळून आधी मामांकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, मग आपल्या मनगटाकडे. हसणं एकदम थांबलं. मामी पदर तोंडात धरून माझ्याकडे अशा बघत होत्या की, मेल्या, ते सगळं लिहायला सांगितलं होतं का मी? मामांनी मानपत्राची फ्रेम हातात घेतली नाही. माइकजवळ येऊन एवढंच म्हणाले, "हा तक्रारअर्ज आहे. योग्य त्या कार्यालयात द्यावा." आणि जाऊन बसले.

आप्पांनी मागं न वळता बहिणीला सांगितलं, "उद्या डी.फार्मचा फॉर्म."

आभार मानायचे होते ते वाचणाऱ्या शिक्षकांनीच. ते फ्रेम टेबलावर ठेवून मंडपाच्या मागं गेले ते आलेच नाहीत. माइक रिकामा. माणसं जेवणाकडे बघायला लागली. तेवढ्यात माझी बहीण उठली आणि सरळ वर गेली. मी डोळे मिटले. आमच्या घरातून एका दिवशी दोघांनी बोलणं मला धोक्याचं वाटलं.

"मी सरांची भाची. आभार मानते," ती म्हणाली. "आधी घड्याळाबद्दल. माझ्या भावानं फक्त मामींना विचारलं. मी शिपाईकाकांना विचारलं. डोंगरापलीकडच्या वाडीची एसटी रोज दहा-पंधरा मिनिटं उशिरा येते. तिच्यातनं अकरा मुली येतात. पूर्वी उशीर झाला की त्यांना गेटाबाहेर उभं करत, म्हणून घरचे पाठवेनासे झाले. एसटी काही लवकर येईना. मग सरांनी घड्याळ मागं केलं. काकांना म्हणाले, कोणाला सांगू नका, नियमात बसत नाही."

मागं बसलेल्या मुलींतली एक उभी राहिली. मग आणखी चार. साहेबांनी मनगटावरचं घड्याळ बाहीखाली सारलं आणि सगळ्यांत आधी टाळी वाजवली. मामांनी चष्मा काढला, तो पुसायला शाल घेतली आणि फेटा डोळ्यांवर आला.

"आता घंटेबद्दल," बहीण म्हणाली, आणि लोक पुन्हा हसले. पण आता मामाही हसत होते. माझाच मजकूर. तिनं फक्त आणखी एका माणसाला विचारलं होतं.

जेवताना पंगतीत आप्पांच्या शेजारी आलेला प्रत्येकजण "पोरगी तुमची का?" विचारत होता. आप्पा जिलबी हातात धरून तेवढंच ऐकत बसले. शेवटी आईला म्हणाले, "हिला मेडिकलमधी बसवलं, तर गिऱ्हाईक औषध सोडून गप्पाच ऐकत बसंल."

"मग?"

"मग काय मग. लय बोलायला लावू नको."

मी मामांच्या पाया पडायला गेलो. त्यांनी आशीर्वाद दिला, आणि नापासांना देतात तसा सल्लाही: "उत्तर येतं तुला. प्रश्न पूर्ण वाचत नाहीस."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कॉलेजच्या रांगेत. आप्पांनी फॉर्म शेतीचा उतारा वाचावा तसा ओळ न ओळ वाचला. पेन उघडून विचारलं, "किती वर्षं?"

"तीन," बहीण म्हणाली.

"आन् मंग?"

"मग एम.ए."

आप्पांचं पेन थांबलं. त्यांनी हळूच माझ्याकडे पाहिलं. "आन् मंग?"

साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे किती वाटा खुल्या आहेत, हे सांगायला मी तोंड उघडलं. बहिणीनं माझ्या पायावर पाय दिला. मी मिटलं. आप्पांनी सही केली.