मुकुंदवाडीची कँटोनीज

चार माणसं पोटासाठी परकी भाषा शिकायला बसली, की भाषेआधी किस्सेच जमतात. मुकुंदवाडीत वंदना मॅडमच्या क्लासमध्ये आमचं तसंच झालं. मॅडम हाँगकाँगला म्हाताऱ्या माणसांची सेवा करून परतलेल्या. आम्हालाही त्याच कामाला जायचं होतं, म्हणून तिथली भाषा, कँटोनीज. जिवाला स्वस्थता कुणालाच नव्हती. कुणाचा पाय हलतोय, कुणी सारखं मोबाइल बघतंय, एजंटचा फोन आला का म्हणून.

या भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो. एका सुरात 'मा' म्हणजे आई, दुसऱ्या सुरात घोडा. मी रिक्षातसुद्धा 'मा, मा' घोकायचे. एकदा रिक्षावाल्यानं रिक्षा बाजूला घेतली. "ताई, आई मागंच राहिली का? वळवू का?"

'म-कोय' म्हणजे थँक्यू. घरी सासूबाईंनी चहा दिला, मी सवयीनं म्हणाले, "म-कोय."

त्या म्हणाल्या, "मंग कोन? मीच देते की रोज."

दत्ता आमच्यातला एकटाच पुरुष. वाळूजच्या कंपनीतलं काम सुटलेलं. एकदा मॅडम पेशंट होऊन बाकावर आडव्या झाल्या. दत्तानं त्यांना उठवायचं, मी सूचना द्यायच्या. मी म्हणाले, "मान-मान." दत्तानं मॅडमची मान धरली. मी घाबरून आणखी मोठ्यानं, "मान-मान!" त्यानं आणखी घट्ट धरली.

"सोड रे," मॅडम कशाबशा म्हणाल्या, "मान-मान म्हंजी हळू."

आणि रेखा. हर्सूलकडची, घरी मेंढरं, नवरा मजुरीला. दोन इंटरव्ह्यू हातचे गेलेले. एजंटनं सांगितलेलं, आता हा शेवटचा. मॅडमनी बजावलं, "'सिक्-जो-फान-मेय', म्हंजी 'जेवलीस का', असं इचारतेत. तो त्यांचा नमस्कार. 'सिक्-जो', जेवले, एवढंच म्हनायचं."

क्लासमधूनच लावलेल्या व्हिडिओ कॉलवर तिकडच्या घरातली मुलगी भराभर प्रश्न विचारत होती. शेजारी व्हीलचेअरवर तिची आई, जिची सेवा करायची ती. रेखाची बोटं सारखी पदराशी चाळा करत होती. मध्येच त्या आजीनं विचारलं, "सिक्-जो-फान-मेय?"

धास्तीनं रेखाच्या पोटात सकाळपासून घास नव्हता. ती म्हणाली, "मेय." अजून नाही.

मॅडमनी कपाळाला हात लावला.

मुलगी पुढचा प्रश्न विचारणार, तर आजीनं हात वर करून तिला थांबवलं. काहीतरी म्हणाली. मुलगी उठली, तिनं वाफाळता वाडगा आणून आईपुढं ठेवला. आजीनं त्याला हात लावला नाही. स्क्रीनकडं बघत नुसती बसून राहिली.

मॅडम हळूच म्हणाल्या, "रेखा, डबा उघड."

रेखानं डबा उघडला, भाकरी मोडली, घास तोंडात घातला. मग आजी जेवायला लागली.