दंगलीच्या शहरात माझी व्हिसाची फाइल

अमेरिकेतल्या आमच्या हर्नडन गावात पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, युरोपातल्या दंगलींचा विषय निघाला, की मी पुलावाची प्लेट खाली ठेवतो. ऑफिसच्या कामासाठी मी तिकडच्या एका शहरात होतो. आदल्या दिवशी गाड्या जळल्या होत्या. पोलिसांनी माझी टॅक्सी अडवली आणि कागद मागितले, तेही फक्त ड्रायव्हरकडे. त्याचा जन्म तिथलाच, पण रंग माझ्यासारखा.

"सकाळपासून चौथ्यांदा," तो म्हणाला. पोलीस त्याला व्हॅनकडे न्यायला लागला.

मी उतरलो. "साहेब, रंग बघूनच तपासताय, तर मलाही तपासा."

अमेरिकेत व्हिसावर राहणारा माणूस सगळे ओरिजिनल बरोबर घेऊनच प्रवास करतो. दहावीच्या मार्कशीटपासून लग्नाच्या फोटोंपर्यंत चारशे कागद मी बॉनेटवर मांडले.

"चाळीस," बायको जेवणाच्या टेबलापलीकडून म्हणते.

मागे अडकलेल्या गाड्यांचे हॉर्न असे वाजले, की चर्चचा मनोरा हलला. पोलिसाने एकेक कागद वाचल्याशिवाय मी हलेना. शेवटी साहेबांनी हात टेकले आणि दोघांनाही सोडलं.

"अरे, व्हिसावरच्या माणसाने कशाला मध्ये पडायचं?" एक काका विचारतात. "उद्या इथे कुणाला असं अडवलं, तर तेव्हाही पडशील?"

"फाइल गाडीतच आहे, काका."