ओटा किती उंच घ्यायचा?

पाथरवटाभोवती कपच्या पडतात तसे आम्हा गवंड्यांभोवती किस्से पडतात. मुद्दाम कोणी करत नाही, पण काम उरकेपर्यंत पायाखाली ढीग झालेला असतो. टोळीत आम्ही तिघे होतो. कोंडाजी मिस्त्री, दगड घडवणारा यमाजी आणि मी. मिरजगावच्या आसपास दहा-पंधरा गावांत आमच्या हातचे ओटे आहेत. ते बांधताना जे ऐकलं, त्यातलं निम्मं हसण्यावारी गेलं. उरलेलं अजून जात नाही.

*

गिऱ्हाईक आलं की पहिला सवाल ठरलेला. "मिस्त्री, जमिनीलगत फरशी टाकली तर काय पडंल, आन् उचलून घेतला तर काय?"

मिस्त्री काडीनं मातीवर दोन चौकोन काढायचा. जमिनीलगतच्या ओट्याला दोन गाड्या दगड आणि चार दिवस. अडीच फूट उचलायचा म्हटलं की पाया आला, तिन्ही बाजूंना घडीव दगड आला, आत मुरमाची भर आली, वर चढायला पायऱ्या आल्या. खर्च सरळ दुप्पट. सगळं सांगून झालं की काडी टाकून म्हणायचा, "वर बसायला जागा तेवढीच मिळती. बाकीचा पैसा मुरमात गाडायचा."

तरी दहातले नऊ जण गाडायचे!

*

दहावे निघाले एक गुरुजी. महिनाभर त्यांनी आम्हाला हेलपाटे घालायला लावले आणि शेवटी जमिनीलगतचाच ओटा केला. वाचलेल्या पैशात म्हैस घेतली. पुढे एकदा त्यांच्या दारावरून गेलो तर ओट्यावर म्हैस रवंथ करत बसलेली आणि गुरुजी दारात उभे.

"चढायचे कष्ट नाहीत, हे तिला माझ्याआधी कळलं," गुरुजी म्हणाले.

*

दोन भाऊ होते, नुकतीच वाटणी झालेली. थोरल्यानं अडीच फुटांचा ओटा केला. धाकट्यानं आम्हालाच बोलावून त्याच्यापेक्षा एक थर जास्त घेतला. मग थोरल्यानं आणखी दोन चढवले. मिस्त्री म्हणाला, "आता शिडी बी आमीच करून देऊ का?" दोघांत बोलणं नव्हतंच.

पुढच्या उन्हाळ्यात धाकटा अचानक गेला. थोरला आपल्या ओट्यावरून उतरला तो तेरा दिवस भावाच्या पायरीवर बसून राहिला. भेटायला येईल त्याला एवढंच म्हणायचा, "हितनं माझं घर लई उंच दिसतंय."

*

बहात्तरला पाऊस गेला. ओटे कोण बांधणार? आम्ही तिघेही दुष्काळी कामावर खडी फोडायला बसलो. एकदा यमाजी एक दगड हातात घेऊन कितीतरी वेळ उलटा-सुलटा करत बसला. मुकादम ओरडला, "बघतोस काय, फोड की."

"फोडतो," यमाजी म्हणाला. "पर याचा कोपरा लई सरळ हाय."

फोडलाच त्यानं तो. त्या दिवशी भाकरी मात्र तशीच घरी परत नेली.

*

आता भिवाजीचा किस्सा. हा दुष्काळाच्या आदल्या वर्षाचा.

भिवाजी दौंडला रेल्वेत गँगमन होता. गावाबाहेर बौद्ध वस्तीत त्याचं घर. त्या वस्तीत कुणाच्याच दारात ओटा नव्हता. रस्त्यानं जाणाऱ्या गावकऱ्यापेक्षा वस्तीतल्या माणसानं उंच बसायचं नाही, असा जुना रिवाज. तो मोडला असं सगळे म्हणायचे, पण ओटा काही कुणी बांधला नव्हता.

भिवाजीनं तोच सवाल केला. मिस्त्रीनं तेच दोन चौकोन काढले, पण उंच ओट्याचा खर्च चौपट सांगितला. जन्मात खोटा भाव न सांगितलेला माणूस! गावातल्या बड्या मंडळींची पुढची कामं त्याला हवी होती. मला सगळं कळत होतं आणि मी गप्प बसलो. त्याची लाज मला आजही वाटते.

"त्यापरीस जमिनीलगतच घे," मिस्त्री म्हणाला.

"न्हाई. आई जल्मभर धुळीत बसली. मरायच्या आदी तिला एकदा वर बसल्याली बघायचीय. चौपट तर चौपट."

ओटा अडीच फुटांचाच झाला. पैसे मिस्त्रीनं दुपटीचेच घेतले. "दगड सवंग मिळाला," एवढंच म्हणाला.

चार दिवसांनी मिस्त्री आणि मी तिथे राहिलेली पहार आणायला गेलो. म्हातारी ओट्यावर पाय सोडून बसली होती. भिवाजी दारात उभा राहून तिच्याकडे बघत होता. आम्हाला पाहताच ती उठली, एकेक पायरी उतरली आणि खाली मातीत उभी राहिली.

"आये, उतरलीस कशाला?" भिवाजी म्हणाला.

"म्हातारे, बस की वर," मिस्त्री म्हणाला.

"तुमी हुबं असताना मी कशी बसू, दादा? तुमी बसा." असं म्हणून ती पदरानं ओटा पुसू लागली.

भिवाजी आता आमच्याकडे बघत होता.

आम्ही बसलो.